पंथ निराळे, अभ्यास एकत्र
(गांवांतील रात्रीच्या वाचनवर्गापुढें केलेलें भाषण)



आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजण म्हणतील, "मास्तर, रोमच्या पाद्र्यांशीं आम्हांला काय करावयाचें आहे? इथें पेरणी तोंडावर आली आहे." प्रश्न रास्त आहे. पण आपल्यापैकीं किती घरांत बांधावरून चुलतभावाशीं बोलणें बंद आहे, तें मी जाणतों. तेव्हां शेंकडों वर्षें एकमेकांवर अर्ज करीत राहिलेले लोक पुढें एका बैठकीवर कसे आले, हें ऐकण्यांत अर्धा तास गेला तर नुकसान होणार नाहीं.

कॅथलिक धर्मांत व्रतस्थ लोकांचे पुष्कळ संघ आहेत. आपल्याकडे आखाडे व मठ असतात तसे. फ्रान्सिस्कन व डॉमिनिकन हे तेराव्या शतकांतले. येशूसंघ, म्हणजे जेझुइट, हा 1540 सालचा. प्रत्येकाचा पोशाख वेगळा, नियम वेगळे, मुख्य वेगळा. सारे पोपला मानतात. पण एकमेकांना मानतीलच असें नाहीं. गोव्यांत पोर्तुगीज अमलांत सासष्टी जेझुइटांकडे आणि बारदेश फ्रान्सिस्कनांकडे, अशी तालुक्यांची वांटणीच झाली होती. त्या सासष्टींतल्या राशोल येथें फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' 1616 सालीं छापलें गेलें. जन्मानें इंग्रज माणूस, पण लिहिली ओवी, आणि तीही मराठी.

आतां भांडणाची गोष्ट ऐका. मात्तेओ रिच्ची नांवाचा जेझुइट 1601 सालीं चीनची राजधानी पेकिंग येथें पोहोंचला. त्यानें चिनी भाषा आत्मसात केली, तेथील पंडितांचा वेष घेतला. त्या देशांत लोक वाडवडिलांच्या नांवाच्या पाटीपुढें ऊदबत्ती लावून डोकें टेकीत. आपण पितरांना पान वाढतों, त्यांतलाच हा प्रकार. रिच्चीचें मत पडलें कीं, हा वडिलांचा मान आहे, देवपूजा नव्हे. ख्रिस्ती झालेल्यानें तो राखावा. 1630 नंतर डॉमिनिकन व फ्रान्सिस्कन तेथें आले. जेझुइटांची ऊठबस बहुतकरून शिकलेल्या लोकांत. हे नवे लोक फुकिएन प्रांतांतल्या साध्या रयतेंत मिसळले. तेथें त्यांना तेंच कृत्य पूजा दिसलें. माझ्या मतें दोघांनाही डोळे होते, पण दोघांनीं दोन निरनिराळ्या वस्त्या पाहिल्या होत्या. एका ओट्यावर बसून "तुम्ही काय पाहिलें?" एवढें विचारलें असतें, तर अर्धा तंटा तेथेंच मिटता. तसें न करतां दोघांनींही रोमची वाट धरली. 1645 सालीं डॉमिनिकनांचें म्हणणें ऐकून मनाई झाली; 1656 सालीं जेझुइटांचें म्हणणें ऐकून परवानगी मिळाली. जसा अर्ज तसा निकाल! कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या भाऊबंदांना हें नवीन वाटणार नाहीं.

इतक्यांत 1692 सालीं कांगशी बादशहानें ख्रिस्ती धर्मास मोकळीक दिली होती. पण 1715 सालीं पोपनें त्या विधींवर कडक बंदी घातली. आमच्या लोकांच्या चालीरीतींचा न्याय परक्यांनीं करावा, याचा बादशहाला राग आला, आणि 1721 सालीं त्यानें मिशनऱ्यांचा उपदेशच बंद केला. पोपची ती बंदी उठावयास 1939 साल उजाडलें. मध्यें सव्वादोनशें वर्षें गेलीं. शेत पडीक राहिलें, आणि खटला मात्र चालू राहिला.

आपल्या देशांतलीही एक हकीकत सांगितली पाहिजे. रॉबर्ट द नोबिली हा जेझुइट 1606 सालीं मदुरेस आला. भगवें वस्त्र, शाकाहार, तमिळ व संस्कृत यांचा अभ्यास; आणि ब्राह्मणांत शिरकाव व्हावा म्हणून, किनाऱ्यावरचे परव कोळी आधींच ख्रिस्ती झालेले होते त्यांच्यापासून अंतर. त्याच्याच संघांतला वडीलधारा पाद्री गोन्सालो फर्नांडिस यानें तक्रार केली. 1623 सालीं पोपनें जानवें व शेंडी यांस परवानगी दिली. पुढें 1640 च्या सुमारास खालच्या म्हटलेल्या जातींसाठीं पंडारस्वामी म्हणून वेगळे पाद्री निघाले. नोबिलीची विद्या मोठी होती, हें मी नाकारीत नाहीं. पण सर्वांचा बाप एक म्हणणाऱ्यांनीं कष्टकऱ्याला गुरू वेगळा दिला, ही गोष्ट त्याच्या विद्येनें झांकत नाहीं.

मुंबईचा मासला तर घरचाच. पोर्तुगालच्या राजाच्या हक्काखालचे पाद्री एकीकडे, रोमनें 1622 सालीं काढलेल्या धर्मप्रसार खात्याचे कार्मेलाइट दुसरीकडे. 1794 सालीं इंग्रजांनीं मुंबईचीं चार चर्चें दोघांत दोन दोन वांटलीं. एकाच शहरांत दोन धर्मसत्ता, आणि हा दुहेरी कारभार मिटला 1928 सालीं.

मग हे लोक एकत्र आले कसे? 1962 ते 1965 या सालांत रोम येथें जगांतल्या सर्व कॅथलिक बिशपांची मोठी परिषद भरली. परदेशांत काम करणाऱ्या कित्येक संघांचे मुख्य त्या निमित्तानें एका गांवांत होते. आफ्रिका व आशिया खंडांतले देश स्वतंत्र होत होते. गोऱ्या पाद्र्याच्या पाठीशीं आतां गोरें सरकार उभें नव्हतें. प्रत्येकापुढें तोच प्रश्न, आणि प्रत्येकाच्या कपाटांत निरनिराळीं पत्रें. म्हणून कांहीं मुख्यांनीं 1964 सालीं एक सामाईक संस्था काढली. तिचें नांव सेडोस. इटालियन नांवाचा अर्थ, कागदपत्रें व अभ्यास यांची सेवा. पुढच्याच सालीं परिषदेनेंही ठराव केला कीं, एका मुलखांत काम करणाऱ्या संघांनीं आपापल्या कामांचा मेळ घालावा.

सेडोसचें काम आपल्या इर्जिकीसारखें आहे. इर्जिकींत जो तो आपला बैल, आपलें औत घेऊन येतो. नांगरट सर्वांची मिळून होते, आणि सायंकाळीं ज्याचा बैल त्याच्या गोठ्यांत जातो. कोणी कोणाचा बैल बळकावीत नाहीं. तसेच हे संघ. जेझुइट जेझुइटच राहिला, फ्रान्सिस्कन फ्रान्सिस्कनच. एकत्र झाला तो अभ्यास: कागद जमविणें, परिसंवाद भरविणें, पत्रिका काढणें. आणि या बैठकींत व्रतस्थ भगिनींचे संघही सभासद आहेत. दवाखाने, शाळा व अनाथाश्रम ज्या बाया चालवितात, त्यांना वगळून त्या कामाचा विचार करणें म्हणजे सुगरणीला बाहेर ठेवून स्वयंपाकाची सभा भरविणें होय.

1981 सालीं सेडोसनें रोम येथें मिशनच्या भवितव्यावर मोठा परिसंवाद भरविला. त्यांतून मिशनचीं चार अंगें पुढें आलीं: येशूचा संदेश सांगणें, इतर धर्मांच्या लोकांशीं संवाद, त्या त्या लोकांच्या भाषेंत व रीतींत रुजणें, आणि गरिबांची मुक्ति. तिसरें अंग म्हणजे रिच्चीचा जुना तंटाच. तो आतां खटला न राहतां अभ्यासाचा विषय झाला. चौथें अंग मला सर्वांत मोलाचें वाटतें, आणि शंकाही तेथेंच येते. लेख छापतात ते इंग्रजींत आणि फ्रेंचांत. ज्या गरिबाची मुक्ति व्हावयाची, त्यानें ते वाचावे कसे? स्टीफन्ससाहेबांनीं चारशें वर्षांपूर्वीं जी खटपट केली, ती या विद्वानांना अवघड कां जावी?

हें सगळें पाहावयास रोमलाच जावें लागतें असें नाहीं. लंकेंतल्या कँडी येथील पोपचें गुरुकुल 1955 सालीं पुण्यास आलें. नगर रस्त्यावरच्या त्यांच्या विद्यापीठांत निरनिराळ्या संघांचे विद्यार्थी एका वर्गांत बसून शिकतात. जेझुइट विद्यार्थी ज्या घरांत राहतात, त्याला नोबिलीचें नांव दिलेलें आहे. आपल्यापैकीं कोणी त्या वाटेनें गेलाच, तर तेथल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारावें कीं, पंडारस्वामींचा धडा तुम्हांला कोणत्या वर्षीं शिकवितात.