वेगळी पंगत



हडळ कशी ओळखायची, हे तुम्हाला लहानपणीच कोणीतरी सांगितलेले असेल: तिचे पाय उलटे असतात. शरीरात वाकडे काही दिसले की घाबरायचे, ही शिकवण इतकी जुनी आहे. भयपटांनी तीच उचलली. कुबड, भाजलेला चेहरा, ओढत टाकलेला पाय एवढे दाखवले की खलनायकाची ओळख पूर्ण होते.

या रूढीला हात घातला तो टॉड ब्राउनिंगने, १९३२ सालच्या 'फ्रीक्स'मध्ये. ब्राउनिंग तरुणपणी घर सोडून सर्कशीबरोबर हिंडलेला. त्याने रंगभूषेने अपंग बनवलेले नट घेतले नाहीत. जत्रेतल्या खेळांत पोट भरणारी खरी माणसे घेतली. हातपाय नसलेला प्रिन्स रँडियन तोंडाने काडी ओढून सिगारेट पेटवतो. हात नसलेली एक बाई पायाने पेला उचलून पिते, आणि पिता पिता गप्पा मारते. ही दृश्ये विलक्षण आहेत, कारण त्यांत काहीच घडत नाही.

चित्रीकरणाच्या वेळी एमजीएम स्टुडिओतल्या काहींना या कलावंतांच्या शेजारी जेवणे नकोसे झाले. मग बहुतेकांची पाने भोजनगृहाबाहेर मांडली गेली. वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको!

चित्रपटाचा गाभाही पंगतीतच आहे. सर्कशीतली देखणी क्लिओपात्रा पैशासाठी ठेंगण्या हान्सशी लग्न करते. लग्नाच्या जेवणात सगळे तिला आपल्यातली म्हणून स्वीकारतात, एकच चषक हातोहात फिरतो. तो तिच्यापुढे येतो तेव्हा ती किंचाळते आणि त्यातली दारू त्यांच्या अंगावर फेकते. इथे राक्षस कोण, याविषयी शंका उरत नाही.

पण शेवट पाहा. पावसात, चिखलातून, हातात सुरे घेऊन तीच माणसे सरपटत येतात. क्लिओपात्राने नवऱ्यावर विषप्रयोग केलेला असतो, तेव्हा सूड समजू शकतो. मला खटकतो तो कॅमेरा. तो त्यांच्याकडे आता क्लिओपात्राच्याच नजरेने पाहतो. आणि तिला शिक्षा काय? तिलाच विद्रूप करणे. म्हणजे अपंगत्वाहून भयंकर काही ब्राउनिंगलाही सुचले नाही.

स्टुडिओने सुमारे तासाभराचाच चित्रपट उरेल इतकी काटछाट केली. ब्रिटनमध्ये तो तीसेक वर्षे बंदीत होता.

२०१८ सालच्या 'अ क्वाएट प्लेस'मध्ये बहिऱ्या मुलीचे काम मिलिसेंट सिमंड्स या बहिऱ्याच मुलीने केले. आवाजावर झडप घालणाऱ्या प्राण्यांच्या त्या जगात तिच्या कानाच्या यंत्राची कर्कश शीळच शेवटी त्यांना लुळे पाडते. पण त्याच्याही आधी हे कुटुंब तगून राहिले, कारण लेकीमुळे घरातल्या सगळ्यांना खुणांची भाषा येत होती.