तार तापते लवकर, निवते सावकाश



सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली यंत्रविद्येची माणसं आज एका छताखाली जमली आहेत. त्यांच्या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षानं सगळ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. तो बाजूला ठेवून मी आज फक्त एका तारेबद्दल बोलणार आहे. ती केसाएवढी बारीक आहे आणि वीज दिली की आखडते.

शेप मेमरी अलॉय म्हणून आपण जिला ओळखतो ती ही नितिनॉलची तार. तिच्यात निकेल आणि टायटॅनियम जवळपास निम्मं-निम्मं असतं. 1961 मध्ये अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत एका बैठकीत चुण्या पडलेल्या पट्टीला कुणीतरी लायटरची ज्योत दाखवली आणि पट्टी ताडकन सरळ झाली, तिथून या धातूचा बोलबाला सुरू झाला. थंड असताना तार मऊ असते, ओढली की लांबते. तापली की तिच्या आतली स्फटिकरचना बदलते आणि ती जोरानं मूळ लांबीवर येते. मोटर नाही, गिअर नाही, आवाज नाही.

विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात ही तार असली की पुठ्ठ्याचं बोट वाकतं आणि टाळ्या पडतात. माझा आग्रह असा, की टाळ्या थांबल्यावर तिथेच उभं राहावं आणि बोट परत सरळ व्हायला किती वेळ लागला ते घड्याळात पाहावं. या विषयाचं सगळं मर्म तिथे आहे.

थोडा हिशेब मांडू. 0.1 मिलिमीटर व्यासाची, 20 सेंटिमीटर लांबीची तार घ्या. तिचा रोध साधारण 25 ओहम. 5 व्होल्ट दिले की 200 मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे एक वॅट. सेकंदाभरात ती चार टक्के, म्हणजे 8 मिलिमीटर आखडते आणि जवळजवळ 143 ग्रॅम वजन उचलते. एवढ्याशा तारेनं एवढं ओढावं ही थक्क करणारी गोष्ट आहे. पण आता काम मोजा. उचललेल्या वजनाचं काम ज्यूलच्या शंभराव्या भागाहून थोडं जास्त भरतं आणि आपण खर्च केला एक ज्यूल. कार्यक्षमता एक टक्का. ज्याला वीज वाचवायची आहे त्यानं दुसरीकडे पाहावं.

आणि खरी अडचण परतीची आहे. तापवणं आपल्या हातात असतं, निवणं हवेच्या. जाडी वाढवली की धातू वाढतो वर्गाच्या प्रमाणात, पृष्ठभाग मात्र वाढतो सरळ प्रमाणात, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडायला उशीर लागतो. सुमारे 70 अंशांना आखडणाऱ्या जातीची 0.1 मिलिमीटरची तार साधारण 1.1 सेकंदात निवते, 0.25 मिलिमीटरची 5.4 सेकंद घेते. ती जाड तार 891 ग्रॅम ओढते. तिच्या जागी बारीक सहा तारा शेजारी शेजारी लावा. ओढ साधारण तेवढीच, 858 ग्रॅम, विजेचा प्रवाहही थोडासाच जास्त, पण यंत्र परतीच्या वाटेवर जवळपास पाचपट चपळ होतं. हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत होतं आणि पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचवतं.

आता आपल्या मुलखाकडे वळतो. उत्पादकांच्या तक्त्यांप्रमाणे 70 अंशांची तार पूर्णपणे मूळ मऊ अवस्थेत परतते ती साधारण 42 अंशांपर्यंत निवल्यावर. सांगलीचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनेलमध्ये, किंवा पॉलीहाऊसच्या छताजवळ, भर दुपारी 42 अंश ही नेहमीची गोष्ट. तिथे ही तार आखडलेलीच राहील, पुरती सैल पडणारच नाही. परदेशी प्रयोगशाळेत 22 अंशांना उत्तम चालणारं यंत्र आपल्या उन्हात मुकाट अडून बसेल आणि दोष सर्किटला दिला जाईल. आपण 90 अंशांची जात वापरली पाहिजे. ती 62 अंशांपर्यंत निवली की मोकळी होते. वर वीज थोडी जास्त लागते, पण भरवसा मिळतो.

जोडकामाबद्दल एकच सांगतो: हिला डाग देऊ नका. पृष्ठभागावरच्या ऑक्साइडमुळे डाग धरत नाही आणि जास्त उष्णतेनं तिथला गुण जातो. टोकं क्रिंप करून घट्ट पकडा. परत ओढायला स्प्रिंग हवीच, कारण तार स्वतःहून लांब होत नाही.

मग ही वापरायची कुठे? वेग नको आहे, जागा नाही, वजन परवडत नाही आणि काम क्षणाचं आहे, अशा ठिकाणी. जनरल मोटर्सनं 2014 च्या कॉर्व्हेट गाडीत मागचं झाकण सहज बंद व्हावं म्हणून आतली हवा सोडणारी खिडकी या तारेनं उघडली आणि मोटरच्या तुलनेत सुमारे अर्धा किलो वजन वाचवलं. मोबाइलच्या कॅमेऱ्याची भिंगंही अशा तारांनी हलवली जातात. आपल्याकडे तासगावच्या द्राक्षबागेत ठिबकच्या मुख्य व्हॉल्व्हवर ती थेट लावायला जाल तर निराश व्हाल. पण त्याच व्हॉल्व्हचं छोटं पायलट छिद्र उघडायला थोडीशी ओढ पुरते. तारेनं दार ओढू नये, कडी काढावी. अर्थात जिथे साधा सोलेनॉइड स्वस्तात काम करतो तिथे तोच लावा. नावीन्याच्या हौसेनं शेतकऱ्याच्या माथी महाग वस्तू मारणं मला मान्य नाही.

नवी वस्तू शेतकऱ्याला कशी पटते, याचा धडा आपल्याकडेच आहे. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर नांगरांचा कारखाना उभारून किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा लोखंडी नांगरानं जमीन नासेल अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती. ती भाषणांनी गेली नाही, नांगर चालताना पाहून गेली. आणि 1920 मध्ये त्याच किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली, कारखान्याची गोष्ट मराठीत सांगणारी. यंत्राची माहिती मराठीत लिहिण्याची ती सवय आपल्याच मुलखातली आहे.

म्हणून माझी एक मागणी आहे. सांगलीचं वालचंद आणि कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, राजारामनगरची आणि साताऱ्याची महाविद्यालयं, जिथे जिथे मेकॅट्रॉनिक्सची प्रयोगशाळा आहे तिथे एक साधं चाचणीयंत्र कायम चालू ठेवावं. एक तार, एक वजन, एक स्प्रिंग, फेऱ्या मोजणारा एक मायक्रोकंट्रोलर. ताण आणि आकुंचन मर्यादेत ठेवलं तर तार लाखो फेऱ्या देते, जास्त तापवली की काही हजारांतच थकते. ही मर्यादा आपल्या धुळीत, आपल्या उन्हात, आपल्या विजेच्या चढउतारांत नेमकी कुठे पडते, ते एका सत्राच्या प्रकल्पातून कळणार नाही. एका तुकडीनं सुरू केलेली चाचणी पुढच्या तुकडीनं चालवावी. तार तुटली त्या दिवशी व्यास, वजन, प्रवाह, खोलीचं तापमान आणि फेऱ्यांचा आकडा मराठीत लिहून ठेवावा, आणि ती वही कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही कारखानदाराला मागताक्षणी पाहायला मिळावी. पुढच्या परिषदेत निबंधांच्या आधी या वह्यांचं वाचन व्हावं, असा ठराव मी आज आपल्यासमोर मांडतो.