कूलरमागचा झाडबेडूक



मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा कूलरच्या ओल्या ताटीमागे किंवा मोरीच्या कोपऱ्यात एक फिकट बेडूक भिंतीला चिकटून बसलेला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. घरात आरडाओरडा होतो आणि कोणीतरी झाडू घेऊन धावतं. हा झाडबेडूक. शास्त्रीय नाव पॉलिपेडेटस मॅक्युलेटस. मूळचा फांद्यांवरचा, पण केळीच्या बागेत आणि माणसाच्या घरातही निवांत राहणारा.

मादी सात-आठ सेंटीमीटरची, नर बराच लहान. बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात, म्हणून गुळगुळीत टाइल्सवरूनही तो सरळ वर चढतो. रंग कधी तपकिरी, कधी पिवळट, तर उन्हाळ्यात जवळजवळ पांढरा. मांडीच्या मागचे पिवळे ठिपके मात्र त्यानं पाय पसरल्याशिवाय दिसत नाहीत.

आंबोलीला लोक पावसात भिजत हिरव्यागार मलबार बेडकाचे फोटो काढायला जातात. तो देखणा आहेच, फांदीवरून तरंगत उतरतो. पण माझ्या मते खरा गडी आपला हा. बेडकाच्या कातडीतून पाणी सतत उडत असतं. अशा प्राण्यानं खान्देशचा उन्हाळा काढायचा म्हणजे चेष्टा नाही. दिवसा हा हातपाय पोटाखाली दुमडून डोळे मिटतो, म्हणजे उघडं अंग कमी राहतं. शिवाय त्याच्या कातडीतून एक स्निग्ध स्राव येतो. आपण अंगाला तेल चोळावं तसा तो हातापायांनी डोक्यावर, पाठीवर पुसून घेतो आणि मग तासन्‌तास हलत नाही. पाणी तोंडानं पीत नाही. ओल्या जागेवर बसून पोटाच्या कातडीनं शोषतो. कूलर त्याला का आवडतो, ते आता कळलं असेल. रात्री बाहेर पडून किडे खातो.

पाऊस पडला की नर टक-टक करू लागतात. मादी अंगातून आलेला द्रव मागच्या पायांनी घुसळून फेस करते आणि त्यात अंडी घालते. हा पांढरा गोळा पाण्यावर झुकलेल्या पानाला, नाहीतर हौदाच्या भिंतीला चिकटवलेला असतो. वरून तो वाळतो, आत ओल टिकते. काही दिवसांनी भैरोळ्या खालच्या पाण्यात पडतात.

तेव्हा यंदा हौदाच्या कडेला असा फेस दिसला, तर घाण समजून खराट्यानं काढू नका. बेडूक घरात आलाच, तर त्याच्यावर मीठ टाकू नका. ओल्या हातानं अलगद उचलून झाडावर सोडा, आणि नंतर हात धुवा.