विजेची कांडी आणि घरची बिअर

गेल्या दिवाळींत माझा पुतण्या इंग्लंडांतून वसईस आला होता. तिकडे सुटीच्या दिवशीं तो स्वयंपाकघरांत बिअर तयार करतो. आणि १९६३ सालापासून त्या देशांत घरच्यापुरती बिअर करण्यास परवानाहि लागत नाहीं. आमच्या न्हाणीघरांतील पाणी तापविण्याची विजेची कांडी पाहून तो म्हणाला, "काका, ही कांडी आणि एक मोठें पातेलें एवढ्यावर काम भागेल. येथेंच एकदां करून पाहूं या." मीं त्याजजवळ दोन दिवसांची मुदत मागितली. त्या दोन दिवसांत मनांत जे विचार आले, तेच आज आपणांपुढें मांडतों.

प्रथम कांडीविषयीं. विजेच्या प्रवाहानें तारेंत उष्णता किती उत्पन्न होते, याचा नियम १८४० च्या सुमारास जेम्स जूल यानें शोधून काढला. हा जूल सॅलफर्ड येथील एका बिअर-उत्पादकाचाच मुलगा! तेव्हां कांडीचें आणि बिअरचें नातें माझ्या पुतण्याहून पुष्कळ जुनें आहे. कांडीच्या धातूच्या नळींत नायक्रोमची तार असते, आणि तार व नळी यांच्यामध्यें मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. ही पूड उष्णतेस वाट देते व विजेस अडविते. नळीस चीर पडून ओल आंत शिरली, कीं हा पहारा संपला.

आतां थोडें गणित. वीस लिटर पाणी २७ अंशांवरून ६७ अंशांवर नेण्यास दीड किलोवॉटच्या कांडीस सुमारें ३७ मिनिटें लागतात. मोड आणून वाळविलेल्या सातूंतील पिठूळ अंशाची साखर याच उष्णतेच्या आसपास होते. पुढें तो गोड काढा तासभर उकळावयाचा असतो. येथें दोन अडचणी उभ्या राहतात. आमची कांडी साध्या पाण्यासाठीं घडविलेली. गोड काढा तिच्या अंगास चिकटून करपतो. शिवाय तासभराच्या उकळींत दोन लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन घरांत पसरतें. पावसाळ्यांत ज्यांच्या भिंतींस आधींच बुरशी धरते, त्या वसई-विरारकरांस याचा अर्थ सांगावयास नको.

खरी अडचण तर याच्याहि पुढें आहे. इंग्लंडांतील त्या जातीच्या बिअरचें किण्व १८ ते २२ अंशांत उत्तम काम करतें. आपल्याकडील उन्हाळ्यांत खोलीची हवा तीस अंशांच्या वर असते. सकाळची गोड ताडी संध्याकाळपर्यंत आंबते, ती याच उष्ण हवेंत. म्हणजे येथें उणीव आहे ती उष्णतेची नसून थंडाव्याची. आणि तो कांडी देऊं शकत नाहीं.

परंतु या सर्वांहून मोठी गोष्ट कायद्याची. १९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नांवानें चालू आहे. त्याप्रमाणें परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा असून त्यास तुरुंगवासाची शिक्षा आहे. 'घरच्यापुरतेंच केलें' हा बचाव तेथें चालत नाहीं. रीतसर परवाना घेऊन लहान प्रमाणांत बिअर तयार करणारे व्यावसायिक राज्यांत आहेत. न्हाणीघरांतील बादलीस मात्र तो परवाना नाहीं.

दुसरी गोष्ट आमच्या घरची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या आईनें पाणी तापलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं बटण चालू असतांनाच बादलींत बोट घातलें. ती मागें फेंकली गेली. सुदैवानें ती कोरड्या लांकडी पाटावर उभी होती, म्हणून वांचली. त्या दिवसापासून तिनें कांडीस पुन्हां हात लावला नाहीं.

हें सर्व ऐकून पुतण्या हिरमुसला, पण रागावला नाहीं. थोड्या वेळानें त्यानें आपण होऊन आमचें सॉकेट तपासलें. दीड किलोवॉटची कांडी साडेसहा अँपिअर प्रवाह घेते, आणि आम्हीं ती इतकीं वर्षें सहा अँपिअरच्या सॉकेटवर चालवीत होतों! दुसऱ्याच दिवशीं वायरमन बोलावून सोळा अँपिअरचें, जमिनीशीं जोडलेलें सॉकेट बसविलें. आणि तीस मिलिअँपिअरची गळती होतांच वीज तोडणारें यंत्रहि लावून घेतलें. बिअर झाली नाहीं, पण घर अधिक निर्धोक झालें.

तेव्हां श्रोतेहो, आपल्या घरीं अशी कांडी असेल, तर एवढें अवश्य करावें. आधीं ती पाण्यांत खुणेपर्यंत बुडवावी आणि मगच बटण दाबावें. पाणी तापल्यावर आधीं बटण बंद करावें, पिन काढावी, आणि मगच पाण्यास हात लावावा. घरांतील मुलांस व वडीलधाऱ्यांस हा क्रम आजच समजावून सांगा.