खरा आकडा सांगता यावा
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेतला साधा कारकून आहे. तरीही मुलांच्या मधुमेहावर बोलायला उभा आहे, त्याचे कारण माझा धुळ्याचा भाचा. चौदाव्या वर्षी त्याला हा आजार जडला. यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, म्हणून ते रोज टोचून घ्यावेच लागते. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही आणि अंगाऱ्या-काढ्याने जात नाही.

जळगावहून एस.टी.ने धुळ्याला गेलो की मी त्याची साखरेची वही मागायचो. आकडा जास्त दिसला की, "पुन्हा केळी खाल्लीस ना?" म्हणून झापायचो. पुढे वहीतले आकडे फार चांगले येऊ लागले. मी खूश! एके दिवशी साखर भयंकर वाढून पोर बेशुद्ध पडले. तेव्हा कळले, आकडे बनावट होते. रोज दुसऱ्यांच्या पासबुकातल्या नोंदी तपासणाऱ्या मला घरातली खोटी नोंद ओळखता आली नाही. ती माझ्याच धाकाने लिहिली गेली होती.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे, हे मी तेव्हा शिकलो. "का खाल्लेस?" असे विचारण्याऐवजी, "या आठवड्यात काय जड गेले?" असे विचारले. तो म्हणाला, "मामा, मित्रांसमोर सुई घ्यायची लाज वाटते. दुपारचा डोस चुकवतो." मग त्याच्याच एका मित्राला आम्ही विश्वासात घेतले. केळी बंद केली नाहीत. डॉक्टरांना विचारून प्रमाण त्यानेच ठरवले. खान्देशच्या उन्हाळ्यात वीज गेली की इन्सुलिन गार मडक्यात तोच सांभाळून ठेवतो.

विद्यार्थ्यांनो, असा मित्र एकाएकी घामाघूम होऊन थरथरू लागला तर साखर उतरली समजा. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखान्यात न्या.

मुलींचे दुःख आणखी मोठे. लग्न जमणार नाही म्हणून घरचेच आजार लपवतात. लाज कशाची? बाबासाहेबांनाही मधुमेह होता. खालावलेल्या प्रकृतीतच त्यांनी १९५६ साली नागपूरला लाखोंना दीक्षा दिली.

त्याच नागपुरात १९९५ साली सुरू झालेल्या ड्रीम ट्रस्टने गरीब मुलांना मोफत इन्सुलिन पुरवले. आपण निदान महिन्यातून एकदा विहारात अशा मुलांना व पालकांना एकत्र बसवू. १९२२ साली टोरांटोत चौदा वर्षांच्याच एका मुलाला प्रथम इन्सुलिन मिळाले; त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. आज औषध आहे. खरा आकडा न भिता सांगता येईल असे घर देणे आपल्या हाती आहे.

जयभीम!