मेंढ्याचा अभ्यासगट

प्रौढशिक्षण म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो रात्रीचा वर्ग, हातातली पाटी आणि अंगठ्याऐवजी सही करू लागलेला माणूस. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावात मोठी माणसं शिकतात, पण वेगळ्या निकडीने.

या गावाची ग्रामसभा बहुमताने काही ठरवत नाही. निर्णय सर्वसहमतीनेच. एका जरी माणसाला पटलं नसेल तर विषय पुढच्या बैठकीत पुन्हा येतो. त्यामुळे इतरांना हात वर करून मोकळं होता येत नाही. त्या एकट्याची शंका समजून घ्यावी लागते, माहिती काढावी लागते, कधी आपलंच मत सोडावं लागतं. आयुष्यभराचं शिक्षण इथे सक्तीचं झालं आहे ते या एका नियमामुळे.

या गरजेतूनच ऐंशीच्या दशकात अभ्यासगट रुजला. ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातले देवाजी तोफा ही त्यातली ठळक नावं. गटात कोणीही बसावं, गावचा वा बाहेरचा, शिकलेला वा निरक्षर. फक्त गटाने काही ठरवायचं नाही, ठरवायचं ग्रामसभेने. जाणकारांच्या हाती ज्ञान असलं तरी सत्ता जाऊ नये, याची ही काळजी फार मोलाची आहे.

मधाचंच घ्या. आग्या मोहोळ काढायचं तर रात्री पेटता टेंभा लावायचा, माश्या जाळायच्या आणि पोळं सबंध उतरवायचं, ही जुनी रीत. मधमाश्यांचे अभ्यासक गोपाळ पालीवाल यांच्या सोबतीने गावाने हा विषय अभ्यासाला घेतला. आग्या माशीचं पोळं एकच आणि भलंमोठं असतं; मध साठतो तो वरच्या बाजूला, फांदीलगतच्या जाड भागात, आणि अंडी-अळ्या असतात खाली. अंगभर पोशाख घालून तेवढाच मधाचा भाग कापला तर माश्या वाचतात, पोळं टिकतं आणि मध पुन्हा मिळतो. झाडावर चढण्याचं कसब आणि माश्यांच्या सवयींची जाण गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या होतीच. पुस्तकी ज्ञान तिच्या शेजारी येऊन बसलं, तिला उठवून नव्हे.

पुढचे धडे कागदाचे होते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे. त्यासाठी गाव भांडलं. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मग हिशेब, बँक, मजुरीच्या नोंदी, सगळंच अंगावर आलं. ज्यांनी शाळेत कधी गणिताची धास्ती घेतली असेल, त्यांनाही बांबूच्या बंडलांचा हिशेब भर सभेत मांडावा आणि तपासावा लागला.

सर्वांत अवघड विषय जमिनीचा. १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यानुसार गावाने २०१३ मध्ये ग्रामदान केलं, म्हणजे आपापल्या नावावरची शेतीही ग्रामसभेच्या स्वाधीन केली. पिढीजात शेत नावावरून उतरवायला घरातला म्हातारा, सून, मुलगा असे सारेच राजी व्हायला हवेत. तिथे घाई करून चालत नाही. ज्याला पटलं नाही त्याच्यासाठी पुन्हा बसायचं.