तबकडीवर न उतरलेलं वर्ष

तरुणपणी एका मित्रानं मला एक कॅसेट दिली होती. वरचं लेबल निघून गेलेलं. आत एका बाईचा खालच्या पट्टीतला, दाट आवाज. शब्द निम्मेच कळले. पण ओळ जिथे संपेल असं वाटायचं, तिथे ती संपत नव्हती. हा आवाज सारा व्हॉन हिचा, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

सारा १९२४ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या न्यूआर्क शहरात जन्मली. वडील सुतार, आई लोकांचे कपडे धुणारी. सातव्या वर्षापासून ती पियानो शिकली, चर्चमध्ये वाजवू-गाऊ लागली. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या अपोलो थिएटरात हौशी गायकांची स्पर्धा जिंकली. बक्षीस १० डॉलर आणि त्याच रंगमंचावर आठवडाभर गाण्याची संधी. पुढच्याच वर्षी अर्ल हाइन्स यांच्या वाद्यवृंदात ती गायिका आणि दुसरी पियानोवादक म्हणून दाखल झाली.

तिथे तेव्हा ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी होते, सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर. नाचासाठी वाजणाऱ्या स्विंगमधून वेगवान, वाकड्या वळणांचं बीबॉप आकार घेत होतं. आणि त्या वृंदाची एकही तबकडी नाही! वादकांच्या संघटनेनं १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता. तबकड्या आणि ज्यूकबॉक्स प्रत्यक्ष वाजवणाऱ्याच्या पोटावर पाय देतात, तेव्हा विक्रीतला वाटा द्या, अशी मागणी. ती रास्तच होती. बड्या कंपन्यांपैकी शेवटच्या दोन नोव्हेंबर १९४४ मध्ये नमल्या. तोवर हाइन्स यांच्याकडची ती मंडळी पांगली होती. माझ्या आजोबांचे शेर कुणी उतरवून घेतले नाहीत, म्हणून ही हळहळ मला परकी वाटत नाही.

डिसेंबर १९४४ मध्ये सारा पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला उभी राहिली, बिली एक्स्टाइन यांच्या वृंदाबरोबर. वय २०. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिनं स्वतःच्या नावावर चार गाणी दिली. त्यातलं 'इंटरल्यूड' म्हणजे गिलेस्पींच्या 'अ नाइट इन ट्युनिशिया'ला शब्द लावलेले. ट्रम्पेटवर खुद्द गिलेस्पी. मे १९४५ मधल्या 'लव्हर मॅन'वर साथीला ते आणि पार्कर, दोघंही आहेत. गमावलेल्या त्या वर्षाचा माग मी या तबकड्यांत काढतो. तिथे ती वाद्यांच्या पुढे उभी राहून गात नाही, त्यांच्यातलीच एक होऊन गाते. पियानोवर बसलेला हात सुरांच्या आतल्या जोडण्या ओळखतो, तोच तिच्या गळ्यात आहे. गझलेत रदीफ तोच राहतो आणि अर्थ हळूच सरकतो. ती स्वर असे सरकवते.

१९४७ मध्ये 'टेंडरली' गाजलं. १९४८ मध्ये वादकांनी पुन्हा बहिष्कार टाकला. गायकांना संघटनेचं बंधन नव्हतं. सारानं 'नेचर बॉय' वाद्यांशिवाय, नुसत्या समूहस्वरांच्या साथीनं गायलं. माझ्या कॅसेटवर ते शेवटी होतं. पहिल्यांदा ऐकताना वाटलं, टेप बिघडली आणि वाद्यांचा आवाज गेला. मी दोनदा यंत्र उघडून पाहिलं.